कुकरातला सूर्य

परभणीत बाकी कशाचाही तुटवडा पडू शकतो, उन्हाचा पडत नाही. नळाला पाणी त्याच्या वारी येतं, वीज तिच्या सोयीनं येते, गाडी ‘थोडी लेट’ म्हणत येते. ऊन मात्र सकाळी सातला दारात हजर. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की वसमत रोडचं डांबर चप्पल धरून ठेवतं आणि पाय एकटाच पुढं जातो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती काढून म्हणतो, आणि बाहेरगावचे लोक ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ म्हणून ती छाती पुन्हा आत बसवतात. (इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी क्रांती’ नावाचा वाण काढला, तो दूरवर गाजला. तो भेंडीचा आहे. आमची क्रांती भेंडीत झाली, हे पाहुण्यांना सांगताना मान वर करावी की खाली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.)

तर एवढं ऊन, आणि सूर्याचा अभ्यास करणार कोण? पुणेकर! ज्यांना ३८ डिग्रीला चक्कर येते ते.

हा अन्याय माझ्या ध्यानात आला तो पुण्यातच. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, आयुकाचं आवार सगळ्यांना खुलं असतं, म्हणून पोरांना घेऊन गेलो होतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन पुतळे होऊन बसलेले. पोरांनी न्यूटनसोबत फोटो काढले, आइन्स्टाइनसोबत काढले, आणि आर्यभटाला ‘सर, हे कोण?’ असं विचारलं. ‘पुलस्त्य’ नावाच्या इमारतीत मुलांची विज्ञान शोधिका आहे. पुलस्त्य हा सप्तर्षींतला तारा, आणि इमारतीला पैसा आला तो पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानकडून. तिथं अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. झाडूची काडी, आगपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि त्यातून पंप, मोटर, काय म्हणाल ते. ‘कचऱ्यातून विज्ञान’ हे शब्द माझ्या डोक्यात शिरले ते तिथं. आमच्या घरात कचरा मुबलक आहे.

बाहेर एक तरुण संशोधक ‘आदित्य-एल१’ची माहिती देत होता. २ सप्टेंबर २०२३ला उडालेलं हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभं आहे, आणि त्यावरची ‘सूट’ नावाची दुर्बीण या आवारातल्या लोकांच्या पुढाकारानं झाली. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील उजेडात ती सूर्याचे फोटो काढते. अकरा गाळण्या आहेत तिला. शेजारी ‘ॲस्ट्रोसॅट’चं चित्र होतं. हे २०१५चं. त्यावर सुमारे ३८ सेंटिमीटर आरशाच्या दोन जुळ्या दुर्बिणी. बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था, आयुका, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून केलेल्या. त्यातली एक १३० ते १८० नॅनोमीटरमध्ये बघते. साधा फोटो उजेड कुठून आला ते सांगतो, वर्णपट त्या उजेडात काय काय मिसळलंय ते सांगतो. इथं दोन्ही एकदम: आत चाकावर एक ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेघांची चकती, बसवलंय, ते समोर फिरवलं की चित्रातला एकेक तारा ठिपका राहत नाही, बारीकशी रेघ होतो. त्या रेघेत ताऱ्याची कुंडली.

मी विचारलं, “हे एवढं वर कशाला पाठवायचं? आमच्याकडे परभणीला या. ऊन बघा एकदा.”

तो हसला. “सर, २००च्या खालचा उजेड जमिनीवर येतच नाही.”

आता, पुण्यात ‘येतच नाही’ म्हणजे येत नाही. आमच्याकडे ‘साहेब येतच नाहीत’ याचा अर्थ एवढाच, की पाठपुरावा करावा लागतो. परतीच्या पनवेल–नांदेड गाडीत दौंड ओलांडायच्या आत मी सामानाची यादी केली होती.

यादीला बळ दिलं एका जर्मन माणसानं. व्हिक्टर शूमान, लाइपझिगचा, जन्म १८४१चा. प्राध्यापक नव्हे, यंत्रांचा धंदा करणारा, फोटोग्राफीचा नादिष्ट. त्या काळी अतिनील वर्णपटाचे फोटो काढले की एका ठिकाणी काच एकदम कोरी पडायची. लोकांना वाटे, उजेड तिथं संपला. शूमानला वाटलं, संपला नाही, कुणीतरी मधे खातंय. त्यानं एकेक संशयित धरायला सुरुवात केली. क्वार्ट्झचा लोलक खातोय? काढा, फ्लोराइट बसवा. फोटोच्या काचेवरचं जिलेटिन खातंय? मग जवळजवळ बिनजिलेटिनची काच स्वतः बनवली. शेवटचा चोर निघाला हवा. त्यानं अख्खं यंत्र निर्वात पेटीत घातलं, आणि १८९३च्या सुमाराला वर्णपट १२० नॅनोमीटरच्या आसपास जाऊन पोचला. पुढं हार्वर्डच्या थिओडोर लायमननं फ्लोराइटचा लोलकही काढून टाकून अंतर्वक्र ग्रेटिंग लावलं आणि १९०६ ते १९१४ या काळात हायड्रोजनच्या त्या रेषा जगापुढं ठेवल्या, ज्या मी दरवर्षी बारावीला फळ्यावर काढतो. त्यातली पहिली १२१.६ नॅनोमीटरची. ती काढताना इतकी वर्षं मला एकदाही वाटलं नव्हतं की ही आपण स्वतः बघितलेली नाही.

म्हणजे ‘जगात जर्मनी’ हे कलम १८९३ सालीच पुरं झालेलं होतं. उरलेलं कलम माझ्यावर येऊन पडलं.

निर्वात पेटीसाठी मी कुकर निवडला. घरात मोठा दहा लिटरचा, पाहुणे आल्यावर वरण लावायचा. जाड ॲल्युमिनियम, रबरी गॅस्केट, वर शिट्टीची नळी, म्हणजे पाइप लावायची सोय आयती. पंपासाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. तो नानल पेठेतल्या फ्रिजवाल्या चाचांकडे मिळाला. “गॅस कुठं भरायचाय?” त्यांनी विचारलं. म्हटलं, भरायचा नाही, कुकरातली हवा काढायची. चाचांनी कॉम्प्रेसर माझ्या हातात देता देता परत घेतला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाले, “सर, घर में सब खैरियत?”

ग्रेटिंगसाठी डीव्हीडी. हे मात्र खरंच उत्तम ग्रेटिंग आहे: तिच्यावरच्या खाचांत ७४० नॅनोमीटरचं अंतर असतं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साडेतेराशे रेघा. डीव्हीडी म्हणजे प्लास्टिकच्या दोन चकत्या आणि मधे धातूचा चकाकता पापुद्रा. ब्लेडनं कडेनं फोडली की तो उघडा पडतो. प्लास्टिक अतिनील खातं, म्हणून फोडणं भागच होतं. हाताशी जी डीव्हीडी होती ती फोडली. तिच्यावर मेव्हण्याचं लग्न होतं, हे नंतर समजलं. वरमाला आणि सप्तपदी या दोन्हींचा वर्णपट चांगला येतो, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

कुकराला बाजूनं भोक पाडून घेतलं, त्यावर काचेचा तुकडा बसवून एम-सील थापलं. डीव्हीडीचा तुकडा आत, मोबाइल आत, झाकण लावलं, पाइप जोडला, बटण दाबलं. कॉम्प्रेसर गुरगुरला. मग सूं सूं आवाज. हवा बाहेर चालली म्हणून मी खुशीत, पण आवाज होता हवा आत चालल्याचा.

बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं कधी फिजिक्स घेतलं नाही; तिचा विषय मराठी. “अहो, ह्याचं झाकण आतून बसतं. वाफ आतून वर दाबते म्हणून ते घट्ट होतं. तुम्ही हवा उपसायलाव, तर ते खालीच पडणार की.”

तेवढ्यात ते पडलं. मेव्हण्याच्या लग्नावर.

शेजारच्या काकूंकडे बाहेरून झाकण बसणारा कुकर होता, तो काहीबाही सांगून आणला. (‘साबुदाणा वडे’ असं सांगितलं होतं. त्याला कुकर कशाला लागतो, हे त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.) त्यालाही भोक पडलं. आता बाहेरची हवाच झाकण दाबून धरू लागली, दाबाचा काटा खाली उतरला, आणि कॉम्प्रेसरच्या दुसऱ्या तोंडातून घरभर हिंगाच्या फोडणीचा वास सुटला. काकूंचा कुकर कैक वर्षांचा. गॅस्केटमध्ये, कडेच्या खाचेत जे तेल, हळद, हिंग मुरलेलं होतं, ते निर्वातात बाहेर निघत होतं.

इथं जरा थांबून सांगतो, कारण हा वास थट्टेचा वाटला तरी या शास्त्रातली खरी डोकेदुखी हीच आहे. निर्वातात प्रत्येक वस्तू काही ना काही सोडते: डिंक, रंग, वायरीचं आवरण, बोटाचा ठसा. तो तेलकट अंश आरशावर बसतो, वरून अतिनील उजेड पडला की तिथंच पक्का होतो, आणि आरसा या उजेडापुरता आंधळा. डोळ्याला तो लखलखीतच दिसतो. आरसा ॲल्युमिनियमचा, पण उघड्या ॲल्युमिनियमवर हवेनं ऑक्साइडचा पापुद्रा चढतो आणि तोही उजेड खातो, म्हणून वर मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप. ॲस्ट्रोसॅटची ती दुर्बीण बंगळुरूजवळ होसकोट्याला अतिस्वच्छ दालनात जोडली गेली. आणि एवढं करून, यान वर गेल्यावरही तिची झाकणं लगेच उघडली नाहीत. दोनेक महिने बंद ठेवली, म्हणजे यानातून काय वाफ-धूर निघायचा तो आधी निघून जावा. कोट्यवधींचं यंत्र आकाशात पोचलंय, सगळे खाली टक लावून बसलेत, आणि झाकण बंद! मला कुकराची शिट्टी झाल्यावर वाफ जिरेपर्यंत दम निघत नाही.

माझ्या यंत्रात तर हिंगाबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही येत होतं. मग मी एका रात्री हिशेब मांडला, जो पहिल्याच दिवशी मांडायला कुणाची हरकत नव्हती. १४५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड ऑक्सिजन इतका अधाशीपणे खातो, की साध्या हवेत तो एक मिलिमीटरही धड जात नाही. शंभर भागांतली नव्व्याण्णव भाग हवा काढली, तरी मजल फार तर काही सेंटिमीटरची. माझा कॉम्प्रेसर तेवढंही काढत नव्हता. आणि हे कुकरात शिरल्यानंतरचं. सूर्याकडून तो निघतो तेव्हा भरपूर असतो, १२१.६ची रेषा तर झळझळीत. पण वरच्या थरातच ऑक्सिजन त्याला गाठतो. जो २००च्या पुढचा, त्याला ओझोन धरतो. जमिनीवर पोचतो तो २९०च्या पुढचाच. त्यातलाही बराचसा माझी खिडकीची काच खाणार, आणि काही उरलाच तर मोबाइलच्या लेन्सा. पीक विम्याचं असंच असतं: वरून मंजूर झाल्याचं कळतं, मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि खात्यावर बघावं तर बॅलन्स होता तेवढाच.

उभ्या भारतात उन्हानं बदनाम झालेलं माझं गाव, आणि त्या उन्हात मला हवा असलेला कण औषधालाही नाही! गारठ्यात बसलेल्या लाइपझिगवाल्याइतकाच मी दरिद्री.

शूमानलाही सूर्य नव्हताच म्हणा. त्यानं विजेच्या ठिणगीचा दिवा वापरला होता. म्हणून मीही दिव्याकडे वळलो. आमच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये अतिनील दिवा आहे, जंतू मारायचा. पाऱ्याच्या वाफेचा. त्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर निघतो, पण पारा आत १८५चाही उजेड करतो, आणि १८५ म्हणजे २००च्या खाली, म्हणजे अस्सल निर्वात-अतिनील. माझा आनंद गगनात मावेना. लाख-लाख किलोमीटर वणवण, आणि हवी ती चीज स्वयंपाकघरात ओट्याशेजारी टांगलेली! मग वाचलं की १८५नं ओझोन तयार होतो, म्हणून असल्या दिव्यांची काच मुद्दाम अशी करतात की तो बाहेर पडू नये. म्हणजे होता, माझ्या घरातच होता, आणि त्याला कोंडून ठेवलेलं होतं.

तरी दिवा काढलाच. निदान २५४ तरी दिसतो का ते बघू म्हणून तो उघडा लावला आणि डीव्हीडीत बघत बसलो. सुंदर रेषा दिसल्या: जांभळी, निळी, हिरवी. पाऱ्याच्या साध्या, डोळ्याला दिसणाऱ्या रेषा. पाठ्यपुस्तकात असतात त्याच. मी मन लावून बघितल्या.

रात्री दोनला डोळ्यांत वाळू भरल्यागत झालं. मी ओरडलो, बायको उठली, आळीतलं कुत्रं उठलं. सकाळी डॉक्टरांनी पापणी वर करून विचारलं, “कुठल्या वर्कशॉपला असता?” वेल्डरच्या पोऱ्यांना पहिल्या आठवड्यात होतं तेच मला झालेलं. २५४ नॅनोमीटर डोळ्याच्या पुढच्या पडद्यातच शोषला जातो आणि तो पडदा भाजतो. म्हणजे ज्या उजेडासाठी मी दोन कुकर, एक फ्रिज आणि एक लग्न खर्ची घातलं, त्याची नोंद घेणारी दोन यंत्रं माझ्या तोंडावर आधीपासून बसवलेली होती, आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात काम चोख केलं. (हौशी वाचकांनो, फिल्टरचा दिवा उघडा लावू नका. डोळा बरा होतो, पण कोपऱ्यावरचा वेल्डर वर्षभर ‘सर, गॉगल देऊ का?’ विचारत राहतो.)

एव्हाना हे गावात पसरलं होतं. एका वार्ताहरानं ‘परभणीच्या शिक्षकाने टिपला अदृश्य सूर्य’ अशी बातमी परस्पर लावूनही टाकली, आणि पुढच्या विज्ञानदिनी जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेनं मला यंत्रासह बोलावलं. नाही म्हणावं, तर पत्रिका छापून झालेली.

हार झाले, नारळ फुटला, आणि प्रमुख पाहुण्यांनी कुकराला वाकून हात जोडले. आता ह्यात बघायचं म्हणाले. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

“सर, काही दिसंना.”

“बरोबर आहे. ते दिसतच नसतं.”

“मंग हे दाखवायलाव काय?”

“तो इथपर्यंत येत नाही, हेच दाखवायचंय.”

पाहुणे राजकारणात मुरलेले. ते सरळ उभे राहिले आणि माइकवर म्हणाले, “सरांनी जे दाखवलं ते आपण सगळ्यांनी ध्यानात ठेवावं.” टाळ्या पडल्या. मागून एका शेतकऱ्यानं विचारलं, “ह्या उजेडानं सोयाबीनची अळी मरती का?” मी म्हटलं, मरेल, पण आधी शेतातली हवा काढावी लागेल. तो विचारात पडला. हरकत त्याची नव्हती, खर्चाची होती.

पोरांना मी हिरव्या-निळ्या रेषा दाखवल्या, या वेळी दिवा ट्यूबलाइटचा घेऊन. त्या त्यांना आवडल्या. मग एक सातवीतली मुलगी म्हणाली, “सर, हवा खाती तर जिथं हवाच नाही तिथं जाऊन बघायचं ना. कुकरात कशाला?” मी तिला ॲस्ट्रोसॅटची गोष्ट सांगितली. साडेसहाशे किलोमीटरवर तो फिरतो. तिथं निर्वात करावं लागत नाही, फुकट मिळतं. त्यातल्या दुर्बिणीनं ऑक्टोबर २०१६मध्ये आकाशाच्या एका तुकड्याकडे २८ तासांहून जास्त बघितलं. पुढं आयुकाच्या कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ते तपासण्यात दोनेक वर्षं घालवली, आणि २०२० साली जाहीर केलं की ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निघालेला अतिनील उजेड त्यात सापडलाय. निघताना तो साठेक नॅनोमीटरचा होता. विश्व ताणलं गेलं तसा वाटेत ताणत ताणत दीडशेच्या घरात आला, म्हणून दुर्बिणीच्या टापूत पडला. एवढ्या लांबून तो सुखरूप आला.

“आणि शेवटच्या साडेसहाशे किलोमीटरला अडकला असता?” मुलगी म्हणाली.

“हो.”

“परभणीची गाडी मनमाडपर्यंत टायमात येती, तसं.”

हे मी बारावीला आता तिच्याच शब्दांत शिकवतो.

कुकर दोन्ही भंगारात गेले. काकूंना नवा घेऊन दिला, घरात नवा आला. मेव्हण्याला अजून काही सांगितलेलं नाही, त्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आलाय आणि घरात डीव्हीडीची शोधाशोध सुरू आहे. कॉम्प्रेसर तेवढा चाचांना परत करायला गेलो. चाचा वर्तमानपत्र वाचत होते. औंढा नागनाथला गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो’ होणार, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले, हे त्यांना पाठ होतं. औंढा म्हणजे १९९९पर्यंत आमचाच जिल्हा. हिंगोली वेगळा झाला तेव्हा तिकडं गेला. चाचांनी विचारलं, “सर, तिथं चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या टाकायलेत म्हणे. आतली सगळी हवा काढायची?”

“सगळी. लाख कोटीत एखादा हिस्सा उरला तर उरला.”

चाचांनी दुकानाच्या मागं रचलेल्या जुन्या कॉम्प्रेसरांच्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुमची पुण्याला ओळख आहे ना? सांगून बघा. कॉम्प्रेसर आपण देऊ, सहा महिन्यांची गॅरंटी. झाकण कुठल्या बाजूनं बसवायचं, तेवढं भाभींना विचारून घ्या.”